बिनसुळ्यांचं डुक्कर

पेणला चाललेय म्हटल्यावर आमच्या सराफपेठेतल्या, गुजरीतल्या प्रत्येकानं मला एकच विचारलं, "आता कसला गणपती आणायला?" मी म्हटलं, बाबांनो, गणपती जाऊन महिना होत आला, मी बंदूक बघायला चाललेय. बाईमाणूस आणि बंदूक ही गोष्ट कोल्हापुरातसुद्धा अजून लोकांच्या घशाखाली उतरत नाही. खरं तर आमच्या दुकानात माझे वडील हेच काम करायचे. वाट्यांवर, पेल्यांवर नावं घालायची ती पोटासाठी, आणि जीव अडकलेला असायचा तो बंदुकांच्या नक्षीत. घोड्याखालची ती हातभरसुद्धा नसलेली पोलादी पट्टी, तिच्यावर वेल, हरणं, मोर, कुणाची कुलदेवता. त्यांच्यामागं त्यांची कोरायची पोलादी कलमं माझ्या हातात आली. नेमबाजीची पोरं नव्या बंदुकीवर काहीबाही कोरून घेतात, जुन्या घरातले लोक झिजलेली नक्षी उठवून घेतात. माझं बरं चाललंय.

फोन पेणहून आला होता. रामवाडीचे एक निवृत्त शिक्षक, आप्पा. बोलणं अगदी शाळेतलं. घरात आजोबांच्या वेळची विलायती दुनळी आहे, परवाना त्यांच्या नावावर आहे, पट्टीवर रानडुकराची शिकार कोरलेली आहे. पण डुकराचं काम कच्चं राहिलंय. "सुळे नाहीत, अंगावर केस नाहीत. रोह्याचे एक शेठ बंदूक घेतायत. त्यांची अट आहे, डुक्कर नीट करून द्या. खंडेनवमीच्या आत झालं पाहिजे."

मी वैतागले. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा, माझ्या कलमांची पूजा, घरात मटणाचा बेत, आणि हा माणूस मला घटस्थापनेनंतर बोलावतोय! पण बिनसुळ्यांचं डुक्कर डोक्यातून जाईना. शेवटी पुतण्याच्या हातात दुकानाच्या किल्ल्या दिल्या आणि निघाले.

रामवाडी

कोल्हापूरहून पेणपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कंबर मोडली, एवढंच. रामवाडी हायवेला लागून. दिवसभर ट्रकची घरघर, झाडांच्या पानांवर धूळ, आणि गल्लीत चार पावलं आत गेलं की एकदम शांत, पारिजातक आणि तुळस असलेली बैठी घरं. आप्पांचं घर त्यातलंच. आप्पा पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. काकू गोऱ्या, गोल, बोलक्या. मी दारातूनच "येतो की आत" म्हटलं तर काकू हसायला लागल्या. आम्ही कोल्हापूरच्या बायका येतो, जातो असंच बोलतो, हे त्यांनी फक्त ऐकलं होतं.

काकूंचा नऊ दिवसांचा उपवास, पण माझ्या पुढ्यात वालाचं बिरडं, भात आणि पोह्यांचे भाजलेले पापड. बिरडं गोडसर. मी हळूच लाल तिखट मागितलं. काकूंनी दिलं आणि मी ते किती घेतेय हे डोळे मोठे करून बघत बसल्या.

जेवण झाल्यावर आप्पांनी कपाट उघडलं. दुनळी बाहेर काढली, नळ्या बिजागरीतून खाली वाकवून आत बघितलं, मला दाखवलं, आणि रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच माझ्या हातात दिली. मला हे आवडलं. लोक जुनी बंदूक उलथन्यासारखी हातात देतात.

मी ती खिडकीपाशी नेली आणि भिंग डोळ्याला लावलं. आईशप्पथ सांगते, मग ते बराच वेळ काढलंच नाही. डाव्या पट्टीवर डोंगर, डोंगराखाली भाताचं खाचर, बांधावर दोन माणसं. एक टोपीवाला नेम धरून उभा, दुसरा त्याच्या शेजारी, हात लांब करून बोट दाखवणारा. उजव्या पट्टीवर नुसतं भात. पण काय भात! एकेका लोंबीतला दाणान् दाणा कलमाच्या एका टेकणीत उतरवलेला. दाणा फुगीर दिसायला कलम टेकवून मनगट वळवावं लागतं आणि ते वळवताना पोलादावरून घसरतं. माझं आजही दहातलं एक घसरतं. या माणसाचं एकही घसरलेलं नव्हतं. वाऱ्यानं कुठली लोंबी कुठं झुकलीय तेसुद्धा कळत होतं.

आणि त्या भातात डुक्कर. म्हणजे एक पाठ. गोल, उंच, भाताच्या वर आलेली. डोकं नाही, सुळे नाहीत, कान नाहीत. पाठीवर केसांच्या जागी बारीक जाळी.

"शिकाऊ कारागीर होता," आप्पा मागून म्हणाले.

"आप्पा, शिकाऊ माणसाच्या हाताला असलं भात येत नाही."

"ते मला काय कळतं? शेठना सुळे हवेत."

ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, म्हातारा माझ्या तोंडाळपणाला वैतागला. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांनी हौसेनं सगळी कथाच सांगितली. गागोदे गावाच्या अंगाला, डोंगराखाली यांची भातशेती होती. आप्पांचे वडील, म्हणजे दादा, शिकारीचे शौकीन. त्या वर्षी एक रानडुक्कर माजलं होतं. खाडीकाठचा एक गडी पावसाळ्यात मिठागर बंद असताना यांच्या शेतावर कामाला असायचा. डुकरानं त्याचं पोट फाडलं. दादांनी त्याच संध्याकाळी डुकराला गोळी घातली आणि आठवण म्हणून मुंबईहून कारागीर बोलावून बंदुकीवर ही शिकार कोरून घेतली.

"त्या गड्याची मुलगी हिरा. दरवर्षी नवमीला येते," काकू म्हणाल्या. "बापाचा सूड घेतला ना या बंदुकीनं! तिनं हळदकुंकू वाहिल्याशिवाय आमची पूजा होत नाही. अजून एकही वर्ष चुकली नाही."

आप्पा उठून आत गेले.

काम सुरू करण्याआधी मी नेहमी पट्टीचा ठसा घेते. नक्षीवर दिव्याची काजळी चोळायची, वरवरची पुसून टाकायची आणि चिकटपट्टीनं रेघांतली काजळी उचलून कागदावर बसवायची. लोखंडावर उजेड चमकतो, डोळा फसतो. कागदावर काळं ते काळं दिसतं. त्या ठशात पाठीवरची जाळी स्पष्ट उमटली. सहा कोनांची घरं, एकाला एक लागून, आणि कडेनं दुहेरी रेघ. शिकाऊ हात असा एकसारखा चालत नाही. मी ठसा पिशवीत ठेवला आणि आप्पांना म्हटलं, उद्याचा दिवस मला विचार करू द्या.

खाडीकाठ

दुसऱ्या दिवशी काकूंनीच काम काढलं. "नुसती बसू नकोस घरात. खाडी बघून ये, आणि हिराला नवमीचं आमंत्रण दे. हा नारळ दे तिला."

रिक्षा एका ठिकाणी थांबते, पुढं खारबांधावरून चालायचं. एका बाजूला खाडी, तिवरं, दुसऱ्या बाजूला पिकायला आलेलं भात. जुन्या मिठागरांत आता पाणी साचून शेवाळ आलंय. एकदोन चालतात, तीही पाऊस पूर्ण गेल्यावर. वास मात्र सगळीकडं एकच, कुजका, खारट. मी कोल्हापूरच्या रुबाबात तरातरा निघाले आणि बांधाची कड सुटून सरळ चिखलात बसले. गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. एका पायात चप्पल आणि हातात काकूंचा नारळ, असं माझं ध्यान हिराबाईच्या दारात पोचलं.

साठीची, काळीसावळी, घट्ट कासोट्याचं नऊवारी लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा. मला बघून ती पोट धरून हसली.

"ये गो बाय, ये. चप्पल ठेवलीस व्हय आमचे चिखलात? ठेव, ठेव. आमची जमीन नवीन मानसाकडून कायतरी घेतल्याबिगर सोडत नाय."

तिनं स्वतः माझ्या पायांवर पाणी ओतलं. नारळ कपाळाला लावला. नवरात्र म्हणून मासळी नव्हती, त्याचं तिलाच जास्त वाईट वाटत होतं. तांदळाची भाकरी आणि वांगं, तेही सुकट न घालता, हे तिनं दोनदा बजावलं. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ की आमची ज्वारीची तिच्यापुढं राकट वाटावी. वांग्याला मात्र झणका होता. या जिल्ह्यात आल्यापासून पहिल्यांदाच नाकातून पाणी आलं आणि मी तिला तसं सांगितलं. ती खूश झाली.

मी बंदुकीवरच्या नक्षीचं काम करते हे कळल्यावर ती माझ्याजवळ सरकून बसली.

"तो डुकर तू जवळून बघितलास? कसा हाय गो?"

"म्हणजे? तुम्ही दरवर्षी जाता ना?"

"जाते. पन डोल्याला दिसत नव्हता. पयल्यापासून डोल्यात मोतीबिंदू. काला काला कायतरी दिसायचा, त्याला हळद लावायची. यंदा डोल्याचा आपरेशन केलाय." तिनं चष्मा वर केला. डोळा अजून लालसर होता. "आप्पांना मी आषाढातच फोन करून सांगितला, म्हटला डोला करनार, यंदा बघनार. माज्या बाबाला मारनारा कसा दिसत होता, तो एकदा डोलेभर बघनार."

भाकरीचा घास माझ्या हातात राहिला. आप्पांना हे माहीत होतं. मग माझ्याशी बोलताना त्यांनी हे का सांगितलं नाही?

"तुम्हाला आठवतात वडील?"

"पाच-सा वर्सांची होते. हात आठवतात. मिठानं फाटलेले. पाऊस होता. बाबा वाकून खाचराचा पानी काढत होता, मागून आला डुकर. बाबाला घरी आनला तो चादरीत गुंडाळून. आयला उघडू दिला नाय, म्हनाले बघवनार नाय तुला. लगेच नेला. आय सारखी एकच बोलायची, मानूस आला, इरला नाय आला. तिनं त्या वर्सी नवा विनला होता त्याच्यासाठी. आय इरली विनायची ना. सगल्या गावाला तिचीच."

आमच्या घाटावर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात. इरलं मी गगनबावड्याकडं लांबून बघितलेलं, हातात कधी घेतलं नव्हतं. मी विचारलं, कसं असतं?

"तो बघ ना," ती म्हणाली.

अंगणात कोंबडीच्या पिल्लांवर एक जुनं इरलं पालथं घातलं होतं. पानं कधीच गळून गेली होती, नुसता बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उरला होता. गोल, उंच, वाकलेल्या माणसाच्या पाठीएवढा. सहा कोनांची घरं, एकाला एक लागून. आणि कडेनं दुहेरी कांब.

माझ्या पिशवीत तो ठसा होता. मी पिशवी मांडीखाली घेतली. भाकरी तशीच संपवली, कारण ती बघत होती.

"ते डुक्कर, दादांनी मारलेलं, कुणी बघितलं होतं का?" मी विचारलं.

"दरीत पडला म्हनतात. का गो?"

"सहज."

जाताना तिनं मला स्वतःची चप्पल दिली. मी नको नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही.

रोहा

बंदूक घेणारे रोह्याचे शेठ म्हणजे राजाशेठ, त्यांच्या बंदुका बघायला जायचं मी निघतानाच ठरवलेलं. खरं सांगते, तिसऱ्या दिवशी माझा कुठंही जायचा जीव नव्हता. पण सुळ्यांची अट खरंच त्यांची का, हे मला त्यांनाच विचारायचं होतं.

राजाशेठ कंपन्यांना माणसं पुरवण्याचं कंत्राट घेतात. गळ्यात साखळी, बोलणं मोकळं. वरच्या मजल्यावर एक खोली, जाड लोखंडी दार, आत काचेची कपाटं. सगळं परवान्यावर, कागदपत्रं आधी दाखवली. एरवी मी त्या खोलीत मुक्काम ठोकला असता. एक ठासणीची, तिच्या नळीवर सोन्याची तार ठोकून बसवलेला वेल. तार कुठं सुरू झाली आणि कुठं संपली हे नखानंसुद्धा लागत नव्हतं. एक बोटभर पिस्तूल, चांदीचे पोपट असलेलं, कुठल्यातरी राणीच्या उशाशी ठेवायला केलेलं असावं. एक विलायती, तिच्यावर कोरलेली पानं इतकी खोल की सावली धरतात. आणि शेवटी शेठनी मुद्दाम बनवून घेतलेली नवी बंदूक, तिच्या पट्टीवर खुद्द शेठ! मिशा, गॉगल, साखळी सगळं.

"कसंय?" त्यांनी विचारलं.

"साखळी फार छान उतरलीय," मी म्हटलं. त्याहून जास्त खोटं माझ्याच्यानं बोलवेना.

मग मी विषय काढला. "आप्पांच्या डुकराला सुळे किती मोठे हवेत तुम्हाला?"

शेठ माझ्याकडं बघतच राहिले. "सुळे? कोणी सांगितलं तुम्हाला? ओ ताई, जुन्या कामाला हात लावायचा नाय. हात लावला की माल मेला. मला ती जशी हाय तशी पाहिजे. मी आप्पांना दहा वेळा सांगितलं, धूळपन पुसू नका."

"त्यांनी तुमची अट म्हणून सांगितलं."

"माझी? मी तर त्या डुकरावरच भाळलोय. डोकं नाय, कान नाय, असला डुक्कर कुठं बघितलाय का? आप्पाच तीन महिने मागे लागलेत, नक्षीवाला सांगा, नक्षीवाला सांगा. शेवटी कंटाळून तुमचा नंबर मीच दिला."

तीन महिने. म्हणजे हिराबाईनं डोळ्याचं सांगितलं तेव्हापासून.

येताना कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात थांबले. वडापाव समोर आला, तसाच ठेवला. शेजारच्या टेबलावर कुणी गोव्याला चाललेले, खिदळत होते. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. वेटर उगाच माझ्या तावडीत सापडला आणि चहा थंड आहे म्हणून मी त्याला झापलं. चहा गरम होता.

रामवाडीला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. काकू देवळात गेल्या होत्या. बरंच झालं. मी पिशवीतून ठसा काढून आप्पांच्या पुढ्यात टाकला.

"हे डुक्कर नाही. हे इरलं आहे. इरल्याखाली माणूस आहे. मी याला सुळे काढणार नाही."

आप्पांनी ठसा हातात घेतला नाही. नुसता बघितला. मग चष्मा काढून पुसत बसले. किती वेळ पुसावा माणसानं चष्मा!

"शेठनी सांगितलं वाटतं," ते म्हणाले.

"शेठना काही माहीत नाही. मी हिराबाईकडं इरलं बघितलं."

"दादांना डुक्कर वाटलं," आप्पा म्हणाले. आवाज अजूनही शाळेतलाच, पण तळाशी काहीतरी फाटलं होतं. "पाऊस होता. दिवस कलला होता. भात कमरेएवढं, त्यात ती पाठ हलत होती. मलाही डुक्करच वाटलं. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. दादांना लांबचं नीट दिसत नसे. मीच बोट दाखवलं."

बंदुकीवरचा तो दुसरा माणूस. हात लांब केलेला.

"मग ही नक्षी?"

"लोक विचारायला लागले, मेलेलं डुक्कर कुठाय? दादा म्हणाले, बंदुकीवरच काढून घेऊ, मग कोण विचारतंय. कारागीर आमच्या ओटीवर बसून काम करायचा. दादा त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्यानं मला विचारलं, तुम्ही होतात ना, कसं दिसलं तेवढं सांगा. मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. मी दिसलं ते सांगितलं. त्यानं तेच काढलं. दादांनी ते एकदा बघितलं आणि पुन्हा कधी बंदूक हातात धरली नाही."

"आणि हिराबाई? तिला तुम्ही जन्मभर यावर हळद घालायला लावलीत?"

"ती स्वतःहून यायला लागली हो! आईचं बोट धरून यायची. कोणत्या तोंडानं नको म्हणायचं? आता बंदूक जाणार, हे शेवटचं वर्ष. तिला त्यातच समाधान आहे. उद्या ती बघेल, सुळे दिसले तर हात जोडून निघून जाईल, बस. कशाला या वयात तिच्या जिवाला घोर?"

"तिच्या जिवाला की तुमच्या?"

मी चढलेल्या आवाजात बोलले ते बोललेच. "माझ्या कलमाला मी खोटं बोलायला लावणार नाही. पण मी तोंडही उघडणार नाही, आप्पा. सांगायचं ते तुम्ही सांगा. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे तुमच्याकडं."

एवढं बोलून मी आत गेले, पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी कोण? चार दिवसांची पाहुणी. ज्या बाईनं मला पायातली चप्पल दिली तिच्या बापाची गोष्ट माझ्या पिशवीत होती, आणि मी गप्प बसायचं कबूल केलं होतं. माझाच मला राग येत होता.

नवमी

काकूंनी सकाळीच पाट मांडला. बंदूक, कोयता, विळी, काकूंची शिवणाची कात्री, आप्पांची दोन जुनी पेनं. माझी कलमंही त्यांनी आग्रहानं ठेवून घेतली. झेंडूच्या माळा. आमच्याकडं आज रस्सा उकळत असेल असं एकदा मनात आलं आणि लगेच गेलं.

हिराबाई नवं हिरवं लुगडं नेसून आली. सोबत स्वतःच्या दारच्या झेंडूची माळ. मला बघून म्हणाली, "चप्पल सोसली ना गो?" मग पाटापुढं बसली आणि नेहमीच्या सवयीनं, न बघता, बंदुकीला हळद लावली. दस्त्याला, नळ्यांना, दोन्ही पट्ट्यांना. वर कुंकू, त्यावर आपली माळ. हात जोडले. काकूंनी निरांजन ओवाळलं.

मी आप्पांकडं बघितलं. ते भिंतीपाशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"बाय," हिराबाई मला म्हणाली, "तुज्याकडं भिंग हाय ना? दे जरा."

"हिरा, राहू दे," आप्पा पटकन म्हणाले. "डोळ्याला ताण पडेल. डॉक्टरनी सांगितलंय ना?"

"डोला कशाला केला मग?"

भिंग माझ्या पदराशीच होतं. मी आप्पांना पुरेसा वेळ दिला, देवाशप्पथ दिला. ते बोलले नाहीत. मी भिंग तिच्या हातात ठेवलं आणि ते डोळ्यापासून किती लांब धरायचं ते दाखवलं.

ती वाकली. काळा चष्मा कपाळावर. आधी तिला भात दिसलं. "अगो, लोंब्या बघ!" म्हणाली. कौतुकानं हसली. मग हात हळूहळू सरकला आणि थांबला. तिनं पट्टीवरची हळद बोटानं पुसली. पुन्हा बघितलं. बोट त्या जाळीवरून फिरवलं, एक घर, दुसरं घर, मग कडेची दुहेरी रेघ.

"हा डुकर नाय," ती म्हणाली.

तिनं भिंग आणखी जवळ नेलं.

"इरला हाय. आयचे हातचा." तिनं वर बघितलं. "आप्पा?"

आप्पा भिंतीला पाठ घासत खाली बसले, तिच्या समोर, जमिनीवर. "मी दाखवलं, हिरा," ते म्हणाले. "डुक्कर समजून मीच दादांना दाखवलं. दादांनी गोळी घातली. डुक्कर नव्हतंच."

काकूंच्या हातातलं निरांजन कलंडलं. तेल पाटावर सांडलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्या नवऱ्याकडं एखाद्या परक्या माणसाकडं बघावं तशा बघत होत्या.

मला वाटलं हिराबाई ओरडेल. बंदूक उचलून भिरकावेल. मी तर भिरकावली असती. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि बंदुकीवरचं कुंकू पुसायला सुरुवात केली. आधी दस्ता. मग नळ्या. घोड्यांच्या खाचेत हळद अडकली होती, तिथं पदराला पीळ घालून आत घातला आणि तीही काढली. हिरव्या लुगड्याचा पदर लाल-पिवळा झाला. मध्येच एकदा मला म्हणाली, "तू याला हात नको लावूस गो. याला सुळे नको, केस नको. असाच राहू दे. हा माजा बाबा हाय."

"नाही लावत," मी म्हटलं.

सगळं पुसून झाल्यावर ती आप्पांकडं वळली.

"जागीच गेला?"

आप्पांनी मान हलवली. नाही.

"बोलला कायतरी?"

आप्पांनी पाटावरच्या बंदुकीकडं बघितलं.

"पाणी मागितलं."

"दिलास?"

जन्मभर तिनं त्यांना अहो-जाहो केलेलं. आत्ता तो एकच शब्द सुटला, आणि आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"सगळीकडं पाणीच होतं, हिरा. पायाखाली होतं. ओंजळभर घेतलं असतं तरी... दादा म्हणाले, चल इथून. मी गेलो."

काकू रडत रडत आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आल्या. काय करावं ते न सुचून बाईमाणूस जे करते ते. हिराबाईसमोर पेला भरून ठेवला, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "घे बाई, दोन घोट घे."

हिराबाईनं पेला उचलला. क्षणभर मला वाटलं पिईल. तिनं तो जमिनीवरून सरकवत आप्पांच्या गुडघ्यापाशी नेऊन ठेवला.

"तू पी," ती म्हणाली. "तुजा घसा सुकलाय."

मग ती उठली. आपली झेंडूची माळ बंदुकीवरून काढून पिशवीत घातली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पायऱ्या उतरून गेली. आप्पांनी पेला दोन्ही हातांत घेतला होता. संध्याकाळी मी निघाले तोवर तो तसाच भरलेला होता.